थंडीत, संगीत महोत्सवात, गाडीतून आइस्क्रीम वाटायचं आहे. करावं का? आणि कसं?

चिंचेचा_पाला | ६ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची. जीवाजीगंजात वाढले, आता कंपूत राहते. प्रश्न थोडा वेगळा आहे म्हणून आधी पार्श्वभूमी सांगते.

बाबा तबला वाजवायचे. नोकरी रेल्वेत, पण संध्याकाळ तबल्याची. हिवाळ्यात गावात कुठे साथीला बसले की कार्यक्रम संपल्यावर तबल्याच्या पिशवीसकट आम्हा भावंडांना स्कूटरवर घालून मेल्यात न्यायचे, सॉफ्टी खायला. ग्वाल्हेरच्या बाहेरच्यांसाठी सांगते: इथला व्यापार मेला माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केला आणि तो अजून रेसकोर्स रोडच्या मैदानावर भर थंडीत भरतो. मफलर, कानटोपी, तोंडातून वाफ आणि हातात सॉफ्टी, हे आमच्याकडे कोणालाच विचित्र वाटत नाही. बाबा कोन हातात देताना म्हणायचे, "समेवर खा, गळायच्या आत."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या फेब्रुवारीत शहरातल्या एका दोन दिवसांच्या संगीत महोत्सवात आम्ही त्यांच्या आठवणीसाठी श्रोत्यांना फुकट आइस्क्रीम वाटलं. भाड्याने आइस्क्रीमची गाडी आणली, भाचे आणि त्यांच्या कॉलेजातली मुलं खिडकीशी उभी राहिली. मुलांनी जीव तोडून काम केलं. पण गाडीचा फ्रीजर जनरेटरवर होता आणि गाडी मंडपाच्या कनातीला लागून उभी. विलंबित ख्याल, म्हणजे अगदी संथ लयीतलं गाणं, सुरू झाला आणि मागे घरघर. गायिकेने दोनदा मागे वळून पाहिलं. मी धावत जाऊन जनरेटर बंद करवला, पण तोवर जे जायचं ते गेलं होतं. शिवाय रात्री मैदानभर कप आणि चमचे. दुसऱ्या दिवशी सकाळी आईसुद्धा वाकून वेचत होती.

यंदा आयोजकांनी आपणहून विचारलंय, पुन्हा वाटणार का. भाऊ म्हणतो चहा दे. आई म्हणते आइस्क्रीमच. मला वाटायचंय, पण बाबांच्या नावाने कोणाचा सूर बिघडवायचा नाही. तुम्ही काय कराल?

सराफ्यातला_भुक्कड | ६ जानेवारी, रात्री ११:०५

करा, करा, करा! आमच्या इंदुरात सराफा रात्री दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर जागा होतो आणि जानेवारीतही लोक गरमागरम गराडूवर (तळलेला कंद) कुल्फी-फालुदा खातात. थंडीत आइस्क्रीमची मजा अशी की गळायची घाई नसते.

मंद्रसप्तक | ७ जानेवारी, सकाळी ७:१५

माझं मत विरोधात आहे. मनाला लावून घेऊ नका, ताई. तुमच्या बाबांबद्दल आदर आहे म्हणूनच लिहितोय.

मी पंचेचाळीस वर्षं ऐकतोय आणि थोडंफार गातोही. ग्वाल्हेर गायकीत स्थायी आणि अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन भाग, सुरुवातीलाच नीट मांडतात. बंदिशीचा चेहरा त्या पहिल्या पाच-सात मिनिटांत दिसतो, पुढची सगळी बढत, म्हणजे रागाचा विस्तार, त्याच्या आधाराने चालते. तो वेळ आवाजात गेला की ऐकणारा पुढचा अर्धा तास नुसता चाचपडत राहतो. तुमचा जनरेटर नेमका तिथे आला. गायिकेने मागे पाहिलं ते रागाने नसेल, पण तिचा आणि श्रोत्यांचा धागा तिथे तुटला असणार.

दुसरं म्हणजे खाणं आलं की उठबस आली. रांगेतला माणूस गाणं ऐकत नाही, रांग ऐकतो. डिसेंबरात हजिऱ्याला, तानसेनाच्या समाधीपाशी, तानसेन समारोह सुरू होतो तो शहनाई, ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद यांनी. त्या सकाळी तिथे बसून बघा, माणसं कशी शांत होत जातात. ही शांतता कमवावी लागते. कप-चमच्याने ती मोडते.

कोपऱ्यातली_खुर्ची | ७ जानेवारी, सकाळी ९:३०

@मंद्रसप्तक, मी मागच्या वर्षी तिथेच होते, शेवटून तिसऱ्या रांगेत. जनरेटरचा त्रास झाला हे खरं. पण दुसरं एक सांगते. माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. नातू पहिल्या रागातच कंटाळला होता, घरी चला म्हणत होता. मध्यंतरात त्याला व्हॅनिलाचा कप मिळाला आणि तो तासभर आणखी बसला. शेवटी तराणा सुरू झाला तेव्हा खुर्चीच्या दांड्यावर ताल धरत होता, चमच्याने! ते पोर पुढच्या वर्षी येईल की नाही?

मंद्रसप्तक | ७ जानेवारी, सकाळी ९:५२

येईल. हा मुद्दा मान्य.

रेवडीवाला | ७ जानेवारी, दुपारी १:१०

अवांतर: आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक फोनवर "काल सगळे मेल्यात गेलो" म्हणायचो तेव्हा पुण्याची मावशी दर वेळी दचकायची. तिला 'जत्रा' म्हणून सांगायला आईने शेवटपर्यंत नकार दिला. मेला तो मेलाच.

चिंचेचा_पाला | ७ जानेवारी, दुपारी १:२५

@रेवडीवाला हाहा, आमच्याकडे सोलापूरची आत्या!

थंडगार_अभियंता | ७ जानेवारी, रात्री ९:००

शीतकरण हाच माझा धंदा आहे, नाशिकला असतो. जनरेटरचा प्रश्न सुटतो. नीट सांगतो.

आइस्क्रीमच्या गाड्या दोन प्रकारच्या असतात. एकात फ्रीजर सतत वीज खातो, तुमची तशी होती. दुसऱ्या प्रकारात पेटीच्या भिंतींना आणि छताला आतून सपाट बंद पट्ट्या (प्लेट) बसवलेल्या असतात, त्यांत क्षाराचं द्रावण असतं. गाडी रात्रभर गोडाऊनला विजेला लावून ठेवायची, द्रावण गोठून घट्ट होतं. मग दिवसभर वीज नको, इंजिन नको. द्रावण वितळताना आतली उष्णता शोषत राहतं आणि त्याचं तापमान जवळपास एकाच ठिकाणी थांबतं. आमच्या धंद्यात याला 'युटेक्टिक गाडी' म्हणतात. मोठ्या आइस्क्रीम कंपन्यांच्या वितरकांकडे अशा गाड्या असतात. विचारताना एवढंच विचारा: "प्लेटवाली आहे की जनरेटरवाली?"

पण मूळ प्रश्न असा की गाडी हवीच का? समजा १०० मिलीचे ६०० कप. म्हणजे ६० लिटर. एवढा माल तीनशे लिटरच्या एका आडव्या डीप फ्रीजरमध्ये खोक्यांसकट बसेल. ग्वाल्हेरच्या फेब्रुवारीत रात्री बाहेरच थंडी असते. फ्रीजर आदल्या दिवसापासून मैदानाच्या ऑफिसात विजेवर चालवा, वाटपाच्या वेळी थर्मोकोलच्या पेट्यांतून टेबलावर आणा.

आणखी एक, हे सगळे विसरतात. उणे १८ अंशातून थेट काढलेला कप दगड असतो. लाकडी चमचा मोडतो, माणूस वैतागतो आणि अर्धा कप टाकून देतो. मैदानभर जो कचरा दिसला त्यातला बराचसा यामुळे असणार. सॉफ्टी मऊ लागते कारण ती मशीनमधून उणे ५-६ अंशाला बाहेर पडते. कप वाटण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवा, तुमच्याकडच्या थंडीत वीस. मात्र एका वेळी लागतील तेवढेच काढा. वितळलेला कप पुन्हा गोठवला की आत बर्फाचे खडे होतात आणि तो खाण्यालायकही राहत नाही.

भिंगरी | ७ जानेवारी, रात्री ९:४०

आणि खोक्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. 'आइस्क्रीम' म्हणायला दुधाची स्निग्धता किमान १० टक्के लागते. 'फ्रोझन डेझर्ट'मध्ये वनस्पती तेल असतं. स्वस्त पडतं म्हणून वितरक तेच गळ्यात मारतात. बाबांच्या नावाने देताय तर दुधाचंच द्या.

सराफ्यातला_भुक्कड | ७ जानेवारी, रात्री ९:५८

+१. आणि कमीत कमी पिस्ता ठेवाच ठेवा.

सुरसागर_काठी | ८ जानेवारी, सकाळी ११:२०

वडोदऱ्याहून. आमच्याकडे वीज न लागणारं आइस्क्रीम आहेच की! संचा. लाकडी बादली, मधे पत्र्याची कोठी, भोवती बर्फ आणि जाडं मीठ, वरून हाताने फिरवायचा दांडा. माझ्या लहानपणी दांडिया बाजारच्या वाड्यात कोजागिरीला संचा भाड्याने यायचा. सगळ्या मुलांना आळीपाळीने शंभर-शंभर फेरे. दांडा जड झाला की समजायचं, जमलं. आजोबा फेरे मोजताना तीनतालात मोजायचे, सोळाचं एक आवर्तन. सीताफळाचं आइस्क्रीम आणि हाताला आलेले फोड दोन्ही मला आठवतात.

मोठ्या गर्दीला संचा पुरणार नाही हे कळतं. पण एक संचा मैदानाच्या दाराशी ठेवा, मुलांना फिरवू द्या. घरघर नाही, डिझेलचा वास नाही.

थंडगार_अभियंता | ८ जानेवारी, सकाळी ११:४५

सुंदर. आणि संचाची युक्ती तीच, जी त्या प्लेटवाल्या गाडीत आहे. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली वितळतो, प्रमाण नीट जमलं तर उणे २१ अंशापर्यंत उतरतो. तुमच्या आजोबांच्या बादलीत तेच चालायचं.

आजीचा_बटवा | ८ जानेवारी, दुपारी ३:३०

थंडीत आइस्क्रीम देऊन लोकांचे घसे धराल. त्यात गाणारी मंडळी!

डॉक्टरीणबाई | ८ जानेवारी, दुपारी ४:१५

@आजीचा_बटवा, सर्दी विषाणूने होते, थंड खाल्ल्याने नाही. थंडीत ती जास्त पसरते, कारण माणसं बंद खोलीत जवळजवळ बसतात. मैदान मोकळं असेल तर उलट बरंच. गाणाऱ्यांनी गाण्याआधी थंड आणि दुधाचं टाळावं, त्याने घशात चिकट वाटतं, आणि ते तसे टाळतातच. ज्यांना दातांना झणका बसतो किंवा मधुमेह आहे ते स्वतः नको म्हणतील. त्यांच्यासाठी बाजूला एक थर्मास आल्याच्या पाण्याचा ठेवला तर भावाचंही मन राहील.

तिसरी_घंटा | ८ जानेवारी, रात्री १०:१०

मी कॉलेजात असताना तीन वर्षं अशा कार्यक्रमांत खाण्याच्या गाडीवर स्वयंसेवक होतो. खिडकीच्या आतल्या बाजूने काय दिसतं ते लिहितो, कारण वाटणाऱ्या मुलांचा विचार कोणी करत नाही.

पहिली गोष्ट बोटं. अर्ध्या तासाने ती आपली राहत नाहीत. आत सुती हातमोजे आणि वरून रबरी, अशी जोडी हवी. नुसते रबरी घातले तर आत घाम गारठतो. दुसरी गोष्ट म्हणजे दर वीस मिनिटांनी माणूस बदला. पेटीत हात घालणारा वेगळा, कप देणारा वेगळा. देणाऱ्याने समोरच्याच्या डोळ्यांत बघून द्यावा, एवढं त्याच्याकडे उरलं पाहिजे.

तिसरी, हिशोब. एक कप हातात जायला पाच सेकंद धरा, "कोणता आहे?" "चॉकलेट नाही का?" यासकट. म्हणजे एका खिडकीतून मिनिटाला बारा. ६०० कपांना पन्नास मिनिटं. मध्यंतर वीस मिनिटांचं असतं! म्हणजे तीन ठिकाणांहून वाटा, नाहीतर रांग तिसऱ्या घंटेनंतरही उभी राहणार आणि @मंद्रसप्तक काका म्हणतात तेच होणार. चव एकच ठेवा किंवा फार तर दोन. चव विचारण्यात सगळा वेळ जातो.

आणि चौथी, कूपन द्या. एका माणसाला एक. नाहीतर पोरं पाच-पाच वेळा येतात.

चिंचेचा_पाला | ८ जानेवारी, रात्री १०:३५

बाकी सगळं वहीत उतरवून घेतलं. पण कूपन नाही. माफ करा, इथे मी ऐकणार नाही.

मागच्या वर्षी कनातीच्या बाहेर जी पोरं होती ती तिकीटवाल्या घरांतली नव्हती. मैदानाच्या मागच्या वस्तीतली होती. एक मुलगी चार वेळा आली. "दीदी, एक और." चौथ्या वेळी मी विचारलं तर म्हणाली, घरी भाऊ आहे, त्याला ताप आहे, आणि दोन कप हातात धरून बसलीये वितळू नयेत म्हणून. थंडीने वितळले नव्हते. मी तिला खोक्यात घालून दिले. माझे बाबा दारावर आलेल्या कोणाला मोजून देत नसत. मोजून द्यायचं असेल तर मी वाटणारच नाही.

तिसरी_घंटा | ८ जानेवारी, रात्री १०:५०

मागे घेतलं. मग असं करा: एक टेबल कनातीच्या बाहेर, वस्तीच्या बाजूला, आणि ते कार्यक्रमाच्या एक तास आधी सुरू करा. आतली गर्दी आणि बाहेरची गर्दी वेगळी झाली की कोणालाच हाकलावं लागत नाही.

लाल_माती | ९ जानेवारी, सकाळी ८:०५

जनरेटर नको असेल तर कोरडा बर्फ वापरा ना. पेटीत टाकला की झालं.

थंडगार_अभियंता | ९ जानेवारी, सकाळी ८:२०

@लाल_माती, उघड्या टेबलावर हरकत नाही, पण बंद गाडीत मुळीच नको. कोरडा बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंश. तो वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो आणि बंद जागेत तळाशी साचतो. आत मुलं बसली असतील तर जिवावर बेतू शकतं. हाताला लागला तर कातडी भाजल्यासारखी होते. ज्यांना सवय नाही त्यांच्या हाती देऊच नका.

कोपऱ्यातली_खुर्ची | ९ जानेवारी, सकाळी १०:००

कचऱ्याबद्दल: प्लॅस्टिकचे चमचे आणि आइस्क्रीमच्या प्लॅस्टिकच्या काड्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. लाकडी चमचेच घ्या. आणि कचऱ्याची टोपली टेबलाजवळ ठेवू नका! माणूस कप संपवतो तिथवर चालत गेलेला असतो. पंचवीस-तीस पावलांवर ठेवा, खुर्च्यांच्या वाटेवर.

मंद्रसप्तक | ११ जानेवारी, रात्री ८:४५

दोन दिवस विचार केला. त्या मुलीची गोष्ट वाचल्यावर आधी लिहिलं ते तसंच ठेवून गप्प बसणं बरोबर वाटलं नाही.

माझा विरोध आवाजाला आणि उठबशीला होता. ते दोन्ही टळत असेल तर वाटा. काही सुचवतो. कार्यक्रमाआधी कलाकारांना आणि साथीदारांना स्वतः भेटून सांगा की मध्यंतरात हे असं आहे. साथीदारांना विसरू नका, तुम्हाला हे सांगायला नको. गायन सुरू असताना टेबलावर कापड टाकून ठेवा, नुसतं "थांबा" म्हणून लोक थांबत नाहीत, झाकलेलं दिसलं की थांबतात. गाडी आणलीच तर तिचं ते टिंग-टिंग गाणं तोडून टाका. आणि भैरवीनंतर पुन्हा एकदा उघडा. भैरवी ऐकून माणूस लगेच घरी जाऊ शकत नाही, त्याला दहा मिनिटं कुठेतरी उभं राहायचं असतं. आम्ही पूर्वी चहाच्या टपरीवर उभे राहायचो.

मी माधव संगीत महाविद्यालयात शिकलो, १९१८ सालची संस्था आहे. तिथल्या काही विद्यार्थ्यांना विचारतो. घंटा वाजली की रांगेतल्यांना हात धरून आत बसवायला गाणं कळणारी पोरं हवीत.

चिंचेचा_पाला | ११ जानेवारी, रात्री ९:१०

काका, डोळ्यांत पाणी आणलंत. हो, हवीत.

रेवडीवाला | १२ जानेवारी, दुपारी १२:००

२०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलं. फलक लागले, बातम्या आल्या. मला विचाराल तर ते असं होतं, कोणाच्या बापाच्या आठवणीसाठी कोणी रात्री कप वेचतं तेव्हा. मीही येतो वेचायला. सोबत मोरेन्याची तिळाची गजक आणतो, ज्यांना थंड नको त्यांच्यासाठी.

चिंचेचा_पाला | १७ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

झालं. काल रात्री दोन वाजता घरी पोचलो. वृत्तांत:

प्लेटवाली गाडी मिळाली, 'छोटा हत्ती' म्हणतात त्या छोट्या टेम्पोवर बसवलेली. वितरकाने आधी जनरेटरवालीच पाठवली होती, भाच्याने ती दारातून परत पाठवली आणि दुपारी दुसरी आली. आतली टेबलं दोन, बाहेरचं एक. तिसऱ्या टेबलासाठी आत जागाच नव्हती, त्यामुळे पहिल्या रात्री रांग लांबली आणि शेवटचे तीसेक लोक तसेच राहिले. त्यांना भैरवीनंतर दिले. दुसऱ्या रात्री कप आधीच ताटांत मांडून खुर्च्यांच्या ओळींतून फिरवले, पंगतीत वाढतात तसे. ही आईची सूचना. रांगच लागली नाही! मला हे आधी का सुचलं नाही?

जनरेटर नव्हता म्हणून एक गोष्ट झाली. दुसऱ्या रात्री बासरी होती. बाहेरच्या टेबलाशी मी वस्तीतल्या मुलांबरोबर उभी होते आणि तिथवर आलाप ऐकू येत होता. पोरं चमचा तोंडात धरून गप्प. मागच्या वर्षीची ती मुलगीही होती, या वेळी भावाला घेऊन आली होती. त्याने दोन कप खाल्ले.

संचाही आणला, वडोदऱ्याची आठवण म्हणून. सीताफळ मिळालं नाही, केशर-वेलचीचं केलं. मुलांनी इतका फिरवला की दांड्याचा खिळा निघाला, म्हणून पहिल्याच रात्री बंद पडला. पण जेवढं झालं ते तबलजींच्या ग्रीनरूममध्ये पाठवलं. त्यांनी कार्यक्रम संपल्यावर खाल्लं, आणि बाबांना ओळखत होते असं सांगितलं. किती वर्षांपूर्वी, कुठे, सगळं सांगितलं. आई ऐकत बसली.

मैदान रात्री एक वाजता साफ. @मंद्रसप्तक काकांची सात मुलं आणि रेवडीवाले दादा शेवटपर्यंत होते.

तिसरी_घंटा | १७ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

ताटांत फिरवायचं! तीन वर्षं खिडकीत उभा राहिलो, मला नाही सुचलं. आईंना नमस्कार सांगा. कप मऊ होते का तोवर?

चिंचेचा_पाला | १७ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

एकदम. वीस मिनिटं आधी काढले होते. एकही चमचा मोडला नाही.

सुरसागर_काठी | १७ फेब्रुवारी, दुपारी १:००

खिळा निघाला तर टाकून देऊ नका. मांडवीजवळ अजून दुरुस्त करून देणारे आहेत. पुढच्या महिन्यात माझा भाचा ग्वाल्हेरला येतोय, दांडा त्याच्याबरोबर पाठवा, मी करून आणते.

मंद्रसप्तक | १७ फेब्रुवारी, रात्री ९:३०

पिस्ता उरला आहे का?

चिंचेचा_पाला | १७ फेब्रुवारी, रात्री ९:३४

अकरा कप आहेत, काका. रविवारी संध्याकाळी या. बाबांचा तबलाही काढून ठेवते.